रिकाम्या दाढेवर रुमाल

गुणवंतराव ढोके यांच्या ओसरीत तीन खुर्च्या आहेत. एकीवर ते स्वतः बसतात, दुसरीवर येणारा-जाणारा टेकतो आणि तिसरीवर कायम एक रुमाल असतो. निळ्या चौकड्यांचा, धुतलेला, नीट घडी घातलेला. त्या खुर्चीकडे कुणी वळलं की गुणवंतराव हात आडवा करतात. "अंहं! तिथं रुमाल टाकेल हाय." एकदा आमच्या वॉर्डाचे नगरसेवक मतं मागायला आले, तेव्हा तेही उभ्यानेच बोलून गेले. दुसऱ्या खुर्चीवर दूधवाला बसला होता आणि गुणवंतरावांनी त्याला उठवलं नाही.

ज्यानं एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आहे, त्याला यातलं गांभीर्य सांगायला नको. गुणवंतराव पांढरकवड्याच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. ते निवृत्त झाले, पण स्थानक काही त्यांच्यातून उतरलं नाही. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, पाहुणा शिरला की ते फाटकातूनच पुकारा करतात, "आदिलाबादचे पाव्हणे राऊतांच्या घरी लागले आहेत!" कुणाचं लग्न जमलं की गाडी भरली, मोडलं की गाडी रद्द. कुणी वारलं तर मात्र आवाज खाली येतो. "सुटले बावा. टायमाच्या आधी सुटले." त्यांची स्वतःची बायको अशीच टायमाच्या आधी सुटली. मूलबाळ नाही. एकटा जीव सदाशिव.

मी या माणसावर जळत आलो आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण न लिहिता जास्त वाटेल.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. माझ्याकडे लोक प्रश्न घेऊन येतात आणि उत्तर घेऊन जातात. त्यांच्याकडे लोक उत्तर माहीत असूनही जातात. माझी स्कूटर मला घाम फोडते आणि त्यांनी नुसता हात ठेवला की सुरू होते. माझी बायको सुनंदा पुसदची. तिकडची माणसं सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत असा माझा अनुभव होता. पण गुणवंतरावांनी तिच्या हातचं वरणफळ खाऊन "वहिनी, ह्याले म्हंते सुपर डिलक्स!" असं म्हटल्यापासून ती उठता-बसता त्यांचं कौतुक करते आणि तो अनुभव रद्द झाला. मी तेच वरणफळ वीस-बावीस वर्षं 'छान आहे' म्हणून खात आलो होतो.

आणि रेवती. माझी मुलगी. लहानपणी ती त्यांच्या-आमच्या मधल्या भिंतीवर बसायची. पाय कुणाच्या अंगणात सोडायची, ते मी सांगत नाही. अमरावतीला इंजिनिअरिंगला गेल्यावर तिचे घरी फोन येत. आईशी बोलणं व्हायचं, मग "बाबा, बरे आहात ना?" आणि मी अभ्यासाचं विचारलं की "हो बाबा." शेजारी फोन वाजला की मात्र भिंतीपलीकडून गडगडाट ऐकू यायचा. गुणवंतराव पोट धरून हसत असायचे. फोन कुणाचा, हे मी सुनंदाला विचारत नसे. मला माहीत असे.

तर पन्नाशी उलटल्यावर माझी अक्कलदाढ किडली. लेआउटमध्ये त्यावर जे विनोद झाले ते सगळ्यांना सुचतील असेच होते, म्हणून देत नाही. यवतमाळला जाऊन दाढ काढली आणि एक गाल वांग्यासारखा घेऊन परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. गुणवंतराव हातात बाटली घेऊन उभे. बाटलीचा आकार असा होता की समोरच्या राऊतवहिनींनी दारातून आत जाऊन नवऱ्याला बोलावून आणलं.

"शहद हाय, वहिनी," गुणवंतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "झरीच्या जंगलातलं. त्या लाइनचा कंडक्टर आणून देते मले. बाटलीवर जाऊ नका. बाटली जुन्या नोकरीतली हाय, माल नवा हाय."

मग माझ्यासमोर बसून त्यांनी शास्त्र सांगितलं. "सर, दाढ उतरली, म्हंजे शीट खाली झाली का नाही? खाली शीटवर कोण बसते? जो पयले घुसते तो. जंतू काय तिकीट काढून येते का? म्हून आपण आंधीच रुमाल टाकून द्याचा. शहद म्हंजे रुमाल. तो टाकला का कोणी बसत नाही. मंग ज्याची जागा हाय तो येते आरामात. मास. चामडी. सारे."

मी लगेच कागदावर 'अशास्त्रीय' असं लिहून सुनंदाला दाखवलं. तिनं कागद वाचला आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, मध स्वच्छ असेल तर निर्जंतुक पट्टीवर थोडा घेऊन हलकेच लावायला हरकत नाही, पण गोळ्या आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सोडायच्या नाहीत. दुखणं वाढलं तर लगेच या. एवढं शिकलेली बाईसुद्धा त्यांच्याच बाजूनं गेली, याचं मला इतकं वाईट वाटलं की घटकाभर दाढ दुखायची थांबली.

मध लावला की थोडा वेळ तोंड बंद ठेवायचं. मी खाटेवर मुकाट पडून होतो आणि मनात एकच इच्छा होती, ती आता कबूल करतो. मध लागू पडू नये. सूज वाढली तरी चालेल, पण शेजाऱ्याचं खरं होऊ नये. माणूस स्वतःच्या जबड्याविरुद्ध इतका जाऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. सूज उतरायला लागली. गोळ्यांनी उतरली, असं माझं ठाम मत होतं आणि आहे.

तिसऱ्या दिवशी गुणवंतराव पुन्हा डोकावले. मी नुकताच मध लावला होता. "आराम पडून राह्यला नं? बस, तोंड उघडू नका. आन् पोट्टीच्या पेपराचं टेन्शन घेऊ नका, सर. एक विषय गेला त काय झालं? मांगच्या गाडीनं येईन."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं. गुणवंतरावांनी जीभ चावली. "हात् तेरी! चुकून अनाउन्समेंट झाली," असं पुटपुटत ते निघून गेले. आयुष्यभर लोकांना बरोबर गाड्या सांगणाऱ्या माणसाची ही एवढी एकच चुकलेली घोषणा, आणि ती माझ्या घरात.

माझी मुलगी नापास झाली होती आणि हे शेजाऱ्याला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. सुनंदानं रेवतीला फोन लावला, तिनं उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाटली उचलली. उरलेला मध परत करायचा आणि त्यांना सांगायचं, की ढोके, माझी मुलगी माझी आहे, तिचं बरंवाईट आधी मला कळायला पाहिजे. वाक्य मी मनात घोटलं होतं. सुनंदा म्हणाली, "अहो, आत्ताच मध लावला न तुम्ही, आता कायले जाता?" मी हातानंच थांब म्हटलं आणि त्यांची ओसरी चढलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

गुणवंतराव उठून उभे राहिले. बाटलीकडे त्यांनी पाहिलंच नाही. तिसऱ्या खुर्चीवरचा रुमाल उचलला, त्याच रुमालानं खुर्ची पुसली आणि म्हणाले, "बसा, सर."

मी बोट त्या खुर्चीकडे केलं, मग स्वतःकडे. ही?

"मंग कोणाची हाय? तुम्ही राह्यले आले तवा सामान उतरवू लागलो नव्हतो का मी? जाताना तुम्ही काय बोलले? म्हणे, ढोकेजी, येतो एकदा निवांत बसायला. तवाच रुमाल टाकला. रिझर्वेशन म्हंजे रिझर्वेशन." ते जरा थांबले. "लोकं येते बम, रांगच लागते. शहद नेते, गाडीचा टाइम इचारते, चाल्ले जाते. निवांत बसतो, असं तुम्हीच म्हणले होते."

निवांत येतो, हे आपण कुणालाही म्हणतो. फाटक लावताना म्हणतो. मी बसलो.

माझं घोटलेलं वाक्य तोंडात होतं, पण तोंडात मधही होता. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी पाहिलं आणि तो माझ्या हातात दिला. "घ्या. गाडी तुमचीच हाय, सर. चुकून माह्या फलाटाले लागते." आणि ते आत निघून गेले. आत भांडी वाजायला लागली, गरज नसताना, मोठ्यानं.

"काका, बाबांना कळलं का?" रेवतीचा आवाज. "आईचा फोन उचलायची हिंमतच नाही झाली. खूप चिडले का?"

मी नाकातूनच नाही म्हटलं, "हं-हं."

"बाबा?" मला वाटलं, आता ठेवते. "मध लावलाय?"

"हं."

"म्हणजे बोलता येत नाही?"

"हं-हं."

ती हसली. नाक ओढत हसली. "मग ऐका," म्हणाली.

आणि ती बोलली. पेपर कसा गेला, रात्री झोप कशी लागत नाही, मैत्रिणी कशा पुढे निघून गेल्या, आणि बाबा, तुमचा विषय गणित, आणि मी गणितातच राहिले, हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू. एरवी मी पहिल्या वाक्याला वेळापत्रक काढलं असतं, दुसऱ्याला सराव किती केला ते विचारलं असतं. तिसरं वाक्य माझ्यापर्यंत कधी आलंच नव्हतं. त्या दिवशी सगळी आली. मी हं म्हणत राहिलो. शेवटी ती म्हणाली, "उद्या घरच्या फोनवर करते. मध लावून बसा."

गुणवंतराव बाहेर आले ते पंच्याला हात पुसत. मी फोन परत दिला. त्यांनी एवढंच विचारलं, "टायमावर होती नं गाडी?"

मी मान हलवली आणि उठलो. त्यांनी चौकड्यांचा रुमाल झटकला, घडी घातली आणि खिशात ठेवायला लागले. रिझर्वेशन संपलं होतं. प्रवासी बसला होता, उतरला होता. उद्यापासून फोनही या फलाटाला लागणार नव्हता. हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं, कारण घडी खिशात जाता जात नव्हती.

मी माझ्या खिशातला रुमाल काढला. दोन दिवसांचा, मधानं चिकटलेला, कुणाला दाखवू नये असा. तो खुर्चीवर टाकला.

गुणवंतराव त्याच्याकडे बघत राहिले. मग फाटकाकडे तोंड करून त्यांनी घसा खाकरला, पण पुकारा काही केला नाही.