लोखंड लवकर गंजावे म्हणोन अनुदान जाहले त्याची हकीकत

श्रीहरीच्या पायी मस्तक, टाळकरी-मृदंगी मंडळींस दंडवत, आणि जे आख्यान ऐकता ऐकता पेंगतात त्यांसही नमस्कार, कारण त्यांचे घोरणेही तालास धरून असते. पुढे वर्तमान ऐसे जे, शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सरी एक महाराज राज्य करीत होते. राज्याचे नाव घेत नाही. नाव घेतल्याने राज्य सुधारते ऐसा अनुभव नाही. महाराज थोर भाविक, आणि त्यांस पदार्थविद्येचा, म्हणजे धातू, माती, काच, दगड यांचे गुण शोधून नवी वस्तू सिद्ध करण्याच्या विद्येचा, बहुत अभिमान. दरसाल त्या कामी खजिना मोकळा करीत, परंतु कोणत्या शोधास आधी द्यावे हा पेच पडे, आणि तो पेच महाराजांनी ऐसा सोडविला की पाडव्यास राजवाड्यात हरिकीर्तन व्हावे आणि जे आख्यान लागेल त्यातून बोध घेऊन त्याच ठायी अनुदानाचा अग्रक्रम जाहीर व्हावा. एके वर्षी प्रल्हादचरित्र लागले, खांब कडाडला, आणि न फुटणारा खांब शोधावा ऐसी आज्ञा जाहली. मग सेतुबंधन लागले, तेव्हा तरंगणारा दगड शोधावा ऐसे ठरले, आणि विद्वानांनी राजधानीच्या तळ्यात आपापले दगड सोडले, ते सगळे बुडाले, एक तरंगला तो भोपळा निघाला. मग लाक्षागृह लागले आणि अग्नीस न जुमानणाऱ्या वस्तूंवर कृपा जाहली. विद्वान मोठे धोरणी. एक पंडित जन्मभर कौलांवरच काम करीत, त्यांनी पहिल्या वर्षी आपले कौल न फुटणारे म्हटले, दुसऱ्या वर्षी तरंगणारे, तिसऱ्या वर्षी न जळणारे. कौल तेच, अनुदान नवे.

त्याच राज्यी खाडीच्या काठी शिदो नरहर म्हणोन पंडित राहत, त्यांस लोक शिदोपंत म्हणत. ते लोखंडास गंज लागू नये या खटपटीत. कारण दारापुढच्या खाडीवर पडाव, म्हणजे माणसे पैलतीरी नेणारी मोठी होडी, चाले, दोन्ही तीरांस साखळी ताणलेली, तिला धरून पडाव ओढावयाचा, आणि खारे पाणी ती साखळी खाऊन टाकी, मग ती तुटे आणि पडाव माणसांसकट समुद्राच्या दिशेने निघे. शिदोपंतांस झोपेतही साखळी तुटल्याचा आवाज येई. परंतु गंजाचे नाव एकाही आख्यानात निघेना, म्हणोन त्यांस कधी अनुदान मिळाले नाही, आणि यंदाही न मिळाल्यास भट्टी विझवून शाळेत पाढे शिकवावे ऐसा हुकूम येऊन पडला होता. तेव्हा पाडव्याचे कीर्तन ज्यांचे ठरले त्या मुद्गलबुवांस शिदोपंतांनी घरी आणिले आणि हात जोडून पुसले, "बुवा, गंजाची कथा आहे का हो कोठे?" बुवा म्हणाले, "पंत, पुराणांत लोखंड गाडाभर आहे, पण गंजलेले एक नाही. देवांची हत्यारे गंजली तर कथा पुढे सरकेल कशी?" शिदोपंत हळूच म्हणाले, "यादवांचे मुसळ आहे की. ऋषींच्या शापाने निपजले, यादवांनी भिऊन त्याचे चूर्ण केले, समुद्रात टाकिले, उरला तुकडा माशाने गिळिला, तोच पुढे पारध्याने बाणास लाविला. समुद्रात राहून, माशाच्या पोटी राहूनही त्यास गंज नाही! ऐसे लोखंड आपल्या राज्यी व्हावे, इतके आपण ठासून म्हणावे." बुवांनी कानांवर हात ठेविले. "तो बाण कोणास लागला ते ठाऊक आहे ना? पाडव्याच्या सणास श्रीकृष्णाचे निजधामगमन लावू? श्रीखंड खाऊन बसलेला दरबार रडवू? माझ्या चिपळ्या राजवाड्याच्या गटारात जातील!" तो शिदोपंतांचे कुटुंब सगुणाबाई ताक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बुवा, भाद्रपदात साखळी तुटून पडाव तुम्हांस घेऊन वाहत निघाला, तेव्हा कोणते आख्यान चालले होते?" बुवा ओशाळले. "गजेंद्रमोक्ष, बाई. आणि मनात देवास सांगत होतो, मोक्ष राहू दे, काठ दे." सगुणाबाई म्हणाल्या, "तुम्हांस काठ मिळाला. दोघांस नाही मिळाला." बुवांनी ताकाचे भांडे न पिताच खाली ठेविले, आणि ते राजी जाहले.

पाडव्यास कीर्तन ऐसे रंगले की देवादिकांनी विमाने थांबवावी. बुवांनी प्रभासतीर्थ उभे केले, पिंपळाखाली श्रीहरी पाय दुमडून बसले, पारध्यास पाऊल हरणाच्या कानासारिखे दिसले, आणि बाण सुटला. झांज थांबली. कोण्या सरदाराच्या हातातला विडा तैसाच राहिला. महाराजांनी उपरणे डोळ्यांस लाविले, आणि शिदोपंतांनी सगुणाबाईंस दुरून खुणाविले की जमले. इतक्यात महाराज उठून उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, "बुवा, ते पापी लोखंड गंजले का नाही? समुद्रात होते, गंजून मातीस मिळते, तर माझ्या देवाच्या पायी बाण लागता ना! आजपासून या राज्यी लोखंड लवकर गंजविण्याच्या शोधास अग्रक्रम!" दरबाराने वाहवा केली, आणि कौलांचे पंडित तत्काळ उठून म्हणाले, "महाराज, सेवकाचे कौल लोखंडाच्या आधी गंजते!" शिदोपंत खांबास टेकले. घरी येऊन अन्न घेईनात, तेव्हा सगुणाबाई म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षे फुकट गंजवीत आलात, आता सरकारी खर्चाने गंजवा. भट्टी तर पेटती राहील!" मग शिदोपंतांनी अर्ज केला, आणि ज्याचे प्रत्येक लोखंड आजवर गंजले ऐसा अनुभवी मनुष्य राज्यात दुसरा नाही म्हणोन अनुदान त्यांसच जाहले.

पुढील संवत्सर विलंबी. नावास जागून अनुदान वर्षभर वाटेत राहिले आणि फाल्गुन सरता सरता पोचले, आणि सोबत आज्ञा की वर्षअखेर हे सर्व खर्ची घालावे. तेव्हा शिदोपंतांनी घाईने एक मोठे यंत्र आणविले. यंत्रास मंजुरी होती, त्यास वीज ओढण्यास नव्हती, ते खाते वेगळे. म्हणोन यंत्र खोक्यातच विराजमान राहिले, आणि सगुणाबाईंनी खोक्यावर कुरडया वाळत घातल्या, तेणेकरून यंत्र नित्य उपयोगात आहे ऐसा दाखला शिदोपंतांस खोटे न बोलता देता आला. उरल्या पैक्यात कोळसा भरला आणि विकारी संवत्सरी काम चालू केले. लोखंड झपाट्याने गंजावे म्हणोन त्यात थोडे तांबे घातले, मग नाक धरून, सोवळे बाजूस ठेवून, हाडांची राख घातली, आणि त्याची साखळी घडवून खाऱ्या पाण्यात सोडिली. गंज धावत आला, दोन दिवसांत साखळी तांबडी लाल, शिदोपंत आनंदले. आणि मग गंज थांबला. पुढे सरकेना. काळसर, घट्ट, नखाने खरवडला तरी सुटेना. गंजच लोखंडाचे चिलखत होऊन बसला. पावसाळा गेला, हिवाळा गेला, साखळी तैशीच. शिदोपंतांनी ती हातात घेतली, कपाळास लाविली आणि हसू लागले, आणि मग एकाएकी घाबरे जाहले, की आता अनुदानाचे काम तपासावयास सरकारी समिती येईल, तिला काय दाखवू?

समिती होळी पौर्णिमेस आली. प्रमुखांनी साखळी हातोडीने ठोकून पाहिली. "पंत, हे काय? लोखंड मातीस मिळावे ऐसी महाराजांची आज्ञा, आणि हे तर दिवसेंदिवस मजबूत!" शिदोपंत म्हणाले, "जी. अपयश आले." प्रमुख म्हणाले, "ऐसे तैसे नव्हे, संपूर्ण अपयश! प्रकल्प बंद. ही साखळी भंगारात काढा." पडावाचा धनी धाकू तांडेल दारात उभा होता, तो पुढे झाला. "मालक, भंगार मी नेतो. पन जड हाय, तवा हमाली सरकारनं द्यावी." समितीने हमाली दिली, आणि मग पुरणपोळीवर तुपाची धार घेऊन वामकुक्षीस गेली, तितक्यात धाकूने पडावाची जुनी साखळी सोडून ही भंगारातली खाडीवर ताणली. तिसऱ्या प्रहरी समिती परत निघाली, पोचवावयास शिदोपंतही पडावात चढले. पौर्णिमेचे उधाण, ओहोटीचा ओढा भयंकर, पडाव मध्यावर येतो तो ऐसा हिसका बसला की प्रमुखांची पगडी पाण्यात गेली आणि सर्वांनी देवाचे नाव घेतले. शिदोपंतांनी डोळे मिटले. आवाज आला नाही. साखळी ताठ राहिली आणि पडाव काठास लागला. प्रमुख उतरले, साखळीवर हात फिरवून म्हणाले, "तांडेल, जुनी दिसते." धाकू म्हणाला, "व्हय जी. भंगारच म्हना." तेव्हा प्रमुख शिदोपंतांकडे वळून बोलिले, "पंत, पाहून ठेवा. वाडवडिलांचे लोखंड ऐसे असते. नाही तर आपले संशोधन!" शिदोपंत वाकून म्हणाले, "जी, ध्यानी ठेवितो."

तात्पर्य, त्या राज्यी लोखंड गंजविण्याचा उद्योग पुरता बुडाला, तैसा शेरा दप्तरी पडला, आणि शिदो नरहर यांस पुन्हा अनुदान देऊ नये ऐसे ठरले. शिदोपंत शाळेत पाढे सांगतात. सायंकाळी ऐलतीराचे लोक मुलेबाळे घेऊन पैलतीरी कीर्तनास जातात, आणि आरती घेऊन सगळेच्या सगळे घरी येतात. घडले तैसे लिहिले. उणे ते लेखकाचे, पुरते ते श्रीहरीचे.