कडीसाहेबांचं ठिगळ

ऑफिसात त्यांना सगळे कडीसाहेब म्हणत, कारण कपाटाला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघत आणि जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा. अशा माणसाच्या हातात शनिवारी एक परिपत्रक पडलं. वायफायमध्ये म्हणे भोक सापडलं होतं. रस्त्यावर उभं राहून कुणीही घरातलं वाचू शकत होतं. घरून काम करायची परवानगी हवी असेल त्याने घरातल्या प्रत्येक यंत्राला पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरचं ठिगळ, लावावा आणि सोमवारी कॉम्प्युटर विभागाच्या मॅडमना यादी दाखवावी.

कडीसाहेबांना ती परवानगी हवीच होती. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन आठ दिवसांवर आलं होतं आणि नंतर तिला उठवायला-बसवायला घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांना त्या विचाराने झोप लागत नव्हती. रविवारी घरात एकही भोक ठेवायचं नाही, असं त्यांनी पक्कं केलं.

सकाळचा चहा होताच ते कंबर कसून उठले. पॅच लागलेल्या यंत्रावर सही-तारखेची चिठ्ठी चिकटवायची, ही त्यांची ऑफिसची शिस्त. राउटर झाला, दोन्ही फोन झाले, टीव्ही झाला. (मिक्सरवरही चिठ्ठी चढली. तो वायफायवर नव्हता, पण कडीसाहेब जोरात होते.) मग त्यांनी सतरा अक्षरांचा नवा पासवर्ड केला, जो त्यांचा स्वतःचाच दोनदा चुकला.

शेवटी राहिलं बायकोचं भरतकामाचं मशीन. ते वायफायवरून नक्षी घेई आणि ती त्यावर गणवेशांचे बिल्ले काढून देई. मशीनने तीनदा मान टाकली, जेवण थंड झालं, पण कडीसाहेब जागचे हलले नाहीत. चारच्या सुमाराला एकदाचा पॅच बसला.

बायकोने नवा पासवर्ड विचारला. त्यांनी तो हळूच तिच्या कानात सांगितला आणि वर दम भरला.

"कागदावर उतरवायचा नाही हं. परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय."

"नाही उतरवत. पण तुमच्या निळ्या शर्टाचा खिसा फाटलाय, त्याला पॅच लावू का?"

"लाव. आज सगळ्यालाच लाव."

सोमवारी घाईघाईत शर्ट चढवताना त्यांनी आरशात पाहिलं. खिशावर पांढऱ्या दोऱ्याची नाजूक वेलबुट्टी दिसली. (चष्मा फाइलमध्ये होता.) त्यांनी बायकोचं तोंडभरून कौतुक केलं आणि छाती काढून निघाले.

मॅडमनी यादी वाचली, मान डोलावली आणि मग त्यांची नजर खिशावर थांबली.

"तुमचा पासवर्ड सतरा अक्षरांचा आहे का हो?"

"हो. आपल्याला कसं कळलं?"

"वाचतेय."

कडीसाहेबांनी छातीवर हात दाबला आणि दुसऱ्या हाताने घरी फोन लावला. बायको शांतपणे म्हणाली, "कागदावर कुठे उतरवला? कापडावर उतरवला. पॅच लावल्यावर मशीनची ट्रायल नको घ्यायला? आणि तुमचा शर्ट रोज माझ्याच हाताखाली येतो, म्हणजे मला विसरायची भीती नाही."

परवानगी गेली, हे त्यांनी ओळखलं. बायकोला काय तोंड दाखवायचं, हे त्यांना कळेना, तरी त्यांनी खुर्ची सोडली नाही. हात खिशावरच ठेवून ते ऑपरेशनबद्दल सांगत राहिले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, काहीतरी टाइप केलं आणि कागद पुढे सरकवला. कडीसाहेबांनी फाइलमधून चष्मा काढला.

'परवानगी देण्यात येत आहे. कार्यालयीन नेटवर्कच्या सुरक्षेच्या दृष्टीने अर्जदाराने घरीच असणे इष्ट.'