उंदरांचं बीळ की उंदरांची बिळं

एका जंगलात, बाळांनो, सिंह मराठी बोलायचा, तरस मराठी बोलायचा, गाढव तर फारच छान मराठी बोलायचं. पण कचेरीत अर्ज द्यायचा तो इंग्रजीतच. का, ते विचारू नका. मी लहानपणी विचारलं होतं आणि मार खाल्ला होता.

जंगलाच्या कडेला माळावर सत्तावीस उंदीर राहायचे. ज्याचं त्याचं एकेक बीळ. सगळं सुखात चाललं होतं, तेवढ्यात एक धामण तिथे येऊ लागली. ती बिळात शिरायची आणि रोज एक उंदीर खायची.

कोंडाबाई नावाची म्हातारी उंदरीण बंदोबस्त मागायला कचेरीत गेली. अर्ज माकडाकडून इंग्रजीत लिहून घेतला होता. खाली सगळ्यांच्या पंजांचे ठसे होते.

कचेरीत साळिंदर कारकून होता. अंगभर लेखण्या, आणि सगळ्या टोचणाऱ्या.

"बाई, उंदीर अनेक आणि बीळ एकच लिहिलंय," तो म्हणाला. "सगळे एकाच बिळात राहता?"

"नाही हो भाऊसाहेब. आपापल्या."

"मग अनेकवचन हवं. नवा अर्ज आणा. नव्या अर्जाला सगळे ठसे नवे लागतात."

ठसे गोळा करायला चार दिवस गेले. नव्या अर्जावर तेवीस ठसे होते.

"आता बिळं झाली," साळिंदर म्हणाला. "म्हणजे एकेका उंदराची पाच-पाच बिळं आहेत की काय?"

"अहो, एकेका उंदराचं एकेक बीळ! शेंबड्या पोरालाही कळेल."

"शेंबड्या पोराला इंग्रजी येत नाही, बाई. आणि हे ठसे कमी कसे?"

"चौघं धामणीच्या पोटात आहेत."

"मग त्यांचं संमतिपत्र जोडा."

मला हे सांगतानासुद्धा संताप येतो. पण पुढे ऐका.

प्रकरण समितीकडे गेलं. समितीत बगळा आणि पोपट. बगळा म्हणे एकवचन, पोपट म्हणे अनेकवचन. पोपटाने बगळ्याची अक्कल काढली, बगळ्याने पोपटाचं शिक्षण काढलं. रोज चहा झाला, बैठक झाली, मत बदललं. मत बदललं की नवा अर्ज, नवे ठसे. धामणीचं मात्र काही मतच नव्हतं. ती वेळेवर जेवत होती.

शेवटी एके दिवशी कोंडाबाई आली. तिच्या अर्जावर एकच ठसा होता. डोळे सुजले होते. नातवंडंसुद्धा उरली नव्हती.

साळिंदराने अर्ज वाचला आणि तो खुर्चीतून उठलाच.

"वा, बाई! अर्जदार एक, बीळ एक. वादच मिटला! इतका शुद्ध अर्ज माझ्या उभ्या नोकरीत आला नाही."

बगळा आणि पोपट एकमेकांच्या गळ्यात पडले. हुकूम निघाला, शिक्का बसला. धामणीने कोंडाबाईच्या बिळात शिरू नये, असं सुंदर इंग्रजीत लिहिलेलं होतं. हुकूम बिळाच्या तोंडाशी लावायचा होता.

कोंडाबाईने कागद उलटसुलट पाहिला.

"भाऊसाहेब, धामणीला इंग्रजी वाचता येतं का हो?"

"ते आमच्या खात्यात येत नाही," साळिंदर म्हणाला.

तात्पर्य : मुलांनो, भाषेच्या शुद्धतेसाठी थोडा धीर धरावा. अर्जदार संपत आले की वाक्यं आपोआप बिनचूक होतात.