वडिलोपार्जित साखर

माझे चुलते तात्या लग्नाच्या पंगतीत जेवायला बसत नाहीत. हातात चमचा घेऊन पंगतीतून फिरतात. ओळखीचा माणूस दिसला की त्याच्या वाटीवर वाकतात आणि त्याला काही कळायच्या आत वांग्याच्या भाजीवरची लाल तर्री अलगद काढून पत्रावळीच्या कडेला सोडतात. "कब्जा हटवला," एवढंच म्हणतात आणि पुढच्या वाटीकडं सरकतात. देवगाव रंगारीच्या एका लग्नात त्यांनी चुकून नवरदेवाच्या मामाचीच वाटी साफ केली. मामा रुसले. मुलाकडचे असल्यामुळं तो त्यांचा हक्कच होता. समजूत काढायला मला पाठवलं. मी समजूत काढता काढता त्यांच्याबरोबर दोन वाट्या तर्री पिऊन आलो.

तात्या निवृत्त तलाठी. सगळा जन्म सातबारा आणि फेरफारात गेला. आता मुकुंदवाडीत स्टेशनाच्या अलीकडं राहतात. नोकरी सुटली, पण भाषा काही सुटली नाही. शेजारी पोरगं जन्मलं की "वारस लागला" म्हणतात. गल्लीतला घरजावई त्यांच्या लेखी 'बेकायदेशीर वहिवाट'. तो बिचारा नमस्कार करतो तेव्हा तात्या असे बघतात, की आता पंचनामा होतोय की काय असं त्याला वाटावं.

आमच्या घराण्यात जमीन थोडी आणि साखर भरपूर. आजोबांना होती, माझ्या वडिलांना होती, तात्यांना आहे. मागच्या दिवाळीनंतर तात्यांच्या पायाची एक जखम भरेचना, शेवटी एक बोट काढावं लागलं. तात्यांनी ते फार मनाला लावून घेतलं नाही. "क्षेत्र थोडं कमी झालं," म्हणाले. मनाला लावून घेतलं ते काकूंनी.

काकूंच्या हातची येसराची आमटी म्हणजे आमच्या लहानपणीचा सण. धान्यं भाजून, गरम मसाला घालून दळलेलं ते पीठ रश्शात पडलं की वास वेशीपर्यंत जायचा आणि वरती बोटभर तेल तरंगायचं. आम्ही पोरं त्या तेलात आपलं तोंड दिसतंय का बघायचो, मग त्याच तोंडानं ते प्यायचो. बोट गेल्यापासून काकूंनी येसूर दळलाच नाही. आता तेल औषधाच्या बाटलीच्या झाकणानं मोजतात. एकदा तात्या बाहेर गेले असताना मला म्हणाल्या होत्या, "माझ्याच हातानं गेलं बाबा ते बोट." मी काहीतरी बोलायचं म्हणून "छे, छे" म्हणालो. असल्या वेळी माझ्याकडं एवढंच निघतं.

आता माझं. मी पक्का सावध माणूस. चहा बिनसाखरेचा घेतो. त्याच्याबरोबर दोन समोसे खातो, कारण समोसा काही गोड नसतो. चिकलठाण्याला आमच्या कंपनीत तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "शुगर काठावर आहे." शाळेत मी सगळ्या इयत्ता काठावरच पास झालेला, त्यामुळं मला आनंदच झाला. संध्याकाळी पेढे घेऊन तात्यांकडं गेलो.

तात्यांनी पुडा न उघडता परत माझ्या पिशवीत टाकला. काकू खाली बसून मेथी निवडत होत्या.

"काठ म्हंजी बांध," तात्या म्हणाले. "आन् बांध रोज कोरला जातो. शेजारी एका रातीत शेत गिळत नाय. दर नांगरटीला चार बोटं सरकतो. तुझा समोसा तेच करतोय."

मी म्हणालो, पण आपल्याकडं तर ही वारशानंच येते, मग समोशाचा काय दोष? त्यावर तात्या खुलले. वारशानं नुसतं नाव लागतं, ताबा मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. नाव लागलेले लई असतात, जन्मात कधी शेतात पाय ठेवत नाहीत. ताबा द्यायला तेल, तूप आणि बसून राहणं लागतं. इन्सुलिन म्हणजे गावचा कोतवाल. तो साखरेला हाताला धरून घरोघर पोचवायला नेतो, पण आत चरबी ठाण मांडून बसलेली. कोतवाल दार वाजवून वाजवून थकतो, आणि साखर बिचारी रक्तात वणवण फिरते.

"आन् बदनाम कोण? साखर," तात्या म्हणाले. "तू आपलं हक्कसोड करून टाक. तुझ्या आत्यांनी एका चहावर जमिनीचं हक्कसोड करून दिलं, तुला एक समोसा सुटंना व्हय?"

इथवर ठीक होतं. पण तलाठ्याला कायद्यात पकडायची संधी रोज येत नाही. मी मोठ्या हुशारीनं विचारलं, "मग तात्या, तुम्हाला ताबा कुणी दिला?"

मेथी निवडणारे हात थांबले.

माझ्या डोक्यात प्रकाश पडतो, पण जीभ पुढं निघून गेल्यावर. काकू मान वर करीनात. तात्या एकदा त्यांच्याकडं बघून खुर्चीत ताठ बसले. सुनावणीला बसावं तसे.

"माझं प्रकरण वेगळं," ते म्हणाले. "माझं समदं वडिलोपार्जित. बापाकडून ताब्यासकट आलेलं. सैपाकाचा त्यात काय संबंध नाय. जन्मभर नावं लावायचंच काम केलं मी, मला कळतं कुणाचं नाव कुठं लागतं. हिचं नाव त्यात कुठंच नाय."

आत्ताच दिलेला निकाल त्यांनी स्वतःच फिरवला होता. मी आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर गप्प बसलो.

"जमिनीवर बी कधी लावलं नाय माझं नाव," काकू मेथीकडं बघत म्हणाल्या. "हितं तरी कशाला लावता."

आणि हसल्या. बोट गेल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं.

निघालो तेव्हा तात्या पाय जपत फाटकापर्यंत आले. मी चुकलो म्हणालो.

"चुकला नाय तू. ताबा तेलानंच दिला," ते हळू म्हणाले. "पण तिनं नाय रे वाढलं. ती म्हणायची, आता पुरं करा. मीच वाटी पुढं करायचो. तशी आमटी असल्यावर कोण पुरं करंल? तू तर खाल्लेली हायेस."

"खाल्ली आहे," मी म्हणालो.

"आता ती वाढती आन् मी गुमान खातो. मागत नाय. मागितलं की तिची नजर माझ्या पायाकडं जाती."

आतून काकूंनी हाक मारली. दुधी शिजलाय, पानं घेते म्हणाल्या. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, फाटकाची कडी लावली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आलो. आन् जास्तीचा ठेव गं, मी दोनदा मागणार हाय."