पाहणीच्या दिवशीची माया

माणसाला बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे सुधारलेल्या समाजात माणसाला बांधत नाहीत, त्याची काळजी घेतात. काळजी घ्यायला मऊ कापडाचे पट्टे लागतात, एवढंच.

आईला ज्या मनोरुग्णालयात ठेवलं होतं, तिथे याबाबतचा कायदा सर्वांना तोंडपाठ होता. रुग्णाला शिक्षा म्हणून बांधू नये, कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधू नये. दुसरा कुठलाच उपाय उरला नाही तरच, डॉक्टरांच्या लेखी हुकमाने, थोड्या वेळापुरतं बांधावं. हे सगळं जिन्यापाशी, काचेच्या चौकटीत, छताला लागून टांगलेलं होतं. (खाली लावलं तर रुग्ण वाचतात, असा अनुभव होता.) वार्षिक अहवालानुसार संस्थेत बांधण्याचं प्रमाण शून्य टक्के होतं, कारण पट्ट्यांची नोंद चादरी-उशांमध्ये होत असे.

मी तो कायदा मुळातून वाचला होता, तळटिपांसकट. आमच्याकडे संकट आलं की आधी पुस्तक आणतात. पेन्सिलीने खुणा केल्या, समासात 'महत्त्वाचे' असं लिहिलं आणि पुस्तक कपाटात नीट ठेवलं. आता आईला कोणी हात लावू शकणार नाही, अशी माझी खात्री झाली.

आईचा अपराध असा. तिने उभी हयात शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करण्यात घालवली होती. डोकं बिघडलं, पण बोटं शाबूत राहिली. सैल बटण दिसलं की ती उठून ते ओढून पाहायची, आणि धागा कच्चा निघाला तर तोडून घ्यायची, नव्याने लावून देण्यासाठी. मोठ्या डॉक्टरांच्या कोटाचं बटण तिने असंच काढून घेतलं. केसपेपरवर 'डॉक्टरांवर हल्ला' अशी नोंद झाली. (बटण खरोखरच सैल होतं, याची नोंद नाही.) तेव्हापासून तिची काळजी दोन्ही मनगटांपाशी घेतली जाऊ लागली.

आमचा शेवटचा साधासुधा दिवस म्हणजे पाहणीचा दिवस. रुग्णांचे हक्क तपासायला बाहेरची समिती यायची. त्या सकाळी सगळे पट्टे धुवायला जात आणि नातेवाइकांना आवर्जून बोलावणं येई. त्यामागचं शास्त्र सोपं होतं: पट्ट्याने धरणं म्हणजे बंधन, लेकीने धरणं म्हणजे माया. मायेला डॉक्टरांचा हुकूम लागत नाही.

वॉर्डातल्या मावशींनी मला खुर्ची सरकवली. "घट्ट धरा हं ताई. मागच्या खेपेला साहेबांच्या बाहीलाच हात घातला होता तुमच्या मातोश्रींनी."

मी आईचे हात घट्ट धरले. आईची बोटं माझ्या मुठीत सारखी कामाला लागायला बघत होती.

"सोड ग," ती म्हणाली. "त्या माणसाचं बटण लोंबतंय."

"लोंबू दे, आई."

"अगं, पडलं की सापडत नाही मग. चार माणसांत शोभतं का ते?"

समितीचे अध्यक्ष खाटेपाशी थांबले आणि गहिवरले. "किती माया! काही तक्रार?"

सगळी कलमं माझ्या ओठांवर होती, क्रमांकांसकट. पण तक्रार केली की माणूस घरी न्यायला सांगतात, असं मावशींनी बोलता बोलता सुचवून ठेवलं होतं. आणि माझ्या घरी पुस्तकं फार, जागा कमी.

"नाही," मी म्हणाले.

संध्याकाळी पट्टे धुऊन, वाळून परत आले. पहाटे आई गेली. कारण हृदयविकार. (हृदयाला कोणी बांधलेलं नव्हतं, त्यामुळे संस्थेकडे बोट दाखवता येत नाही.) तिला शेवटचे कपडे घालताना आत्याने तिच्या मनगटांवरून हात फिरवला. "घड्याळ घट्ट व्हायचं वाटतं वहिनीला," ती म्हणाली. दोन्ही मनगटांवर घड्याळ कोण घालतं, हे तिने विचारलं नाही. मीही "हो" म्हणाले.

पुढे संस्थेच्या शिफारशीने मला त्याच समितीवर नातेवाइकांची प्रतिनिधी म्हणून घेतलं. निकष दोनच होते: अभ्यासू वृत्ती आणि तक्रारींचा पूर्ण अभाव. मी दोन्हींत पहिली आले.

पहिल्याच फेरीत एक आजोबा दिसले. त्यांच्या मुलाने त्यांचे हात इतक्या मायेने धरले होते, की बोटं पांढरी पडली होती. मी वाकून हळूच म्हणाले, "सोडा ना हात त्यांचे."

"ताई, तुमचं उरकलंय," तो ओठ न हलवता म्हणाला. "आमचं माणूस अजून इथंच आहे."

त्याच्या म्हणण्यात चूक काढता येईना.

इथे सुज्ञ वाचकाला वाटेल, आपण असतो तर तेव्हाच बोललो असतो. वाटायलाच हवं. वाचणाऱ्याला सगळं पटतं. मलाही त्या कायद्याचं पानन् पान पटलं होतं. तुम्हीही इथवर मान डोलवत, मधूनमधून हसत आलात. पण 'अगं, आईचे हात सोड' असं तुमच्यापैकी कोणी म्हटल्याचं निदान मला तरी ऐकू आलं नाही.

अध्यक्षांनी मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, "काही नाही साहेब, सगळं छान आहे." समिती पुढच्या खाटेकडे वळली.

"माझी तक्रार आहे," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला; सगळे वळले. "माझ्या आईला इथे बांधत होते. तुम्ही आलात की सोडायचे, आणि तुम्ही जाईपर्यंत मी धरायचे. ती माया नव्हती, साहेब. ती मला 'सोड' म्हणत होती, आणि मी नुसतं ऐकत होते."