मागचा उजेड

किशनभाऊ सोनकांबळे यांच्या कार्डावर सगळं छापलेलं आहे. वर लाल अक्षरात ‘प्रोफेशनल डीजे लाईटिंग’, खाली नाव, त्याखाली ‘ता. मुखेड’. फक्त ‘जि.’च्या पुढे रिकामी जागा आहे. तिथे ते पेन्सिलीने ‘नांदेड’ लिहितात आणि मगच कार्ड हातात देतात.

“एवढंच छापायचं का सोडलं?” मी पहिल्यांदा कार्ड मिळालं तेव्हा विचारलं होतं.

“नवा जिल्हा होणार म्हणतेत ना लोक, सर. आपला तालुका तिकडं गेला तं? सगळे कार्डं वाया. पेन्सिल कशी, खोडता येती.”

हा नवा जिल्हा आमच्याकडे निवडणूक आली की होतो आणि निवडणूक झाली की राहून जातो. माणसं विसरतात. किशनभाऊ विसरत नाहीत. काळजी हा त्यांचा मूळ धंदा आहे, लाईटिंग हा जोडधंदा.

मी शाळेत क्लार्क आहे, तरी ते मला सर म्हणतात. आमच्या घरांची भिंत एकच असल्यामुळे त्यांची काळजी मला माझ्या घरात बसून ऐकू येते. “लोड आला तं?” हे त्यांचं पेटंट वाक्य. वायरवर लोड येतो हे समजू शकतो, पण जेवताना सुमनवहिनी दुसरी भाकरी वाढू लागल्या की हे म्हणतात, “बस, लोड येतो.” माझ्या मुलीने एका वर्षी दोन क्लास लावले तर मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरीवर लोड नका टाकू सर. फ्यूज गेल्यावर काय करता?”

त्यांचं सामान बघण्यासारखं आहे. नांदेड-लातूरच्या मोठ्या लाईटवाल्यांकडे आपोआप मान फिरवणारे महागडे लाईट असतात. किशनभाऊंनी हैदराबादहून जुने एलईडी आणले आणि टेबलफॅनची पाती काढून तिथे एकेक बसवला. फॅनची मान डावीकडून उजवीकडे फिरते, त्याबरोबर लाईट फिरतो. या यंत्राला ते ‘मुंडी’ म्हणतात. अशा चार मुंड्या आहेत. समोरून बघणाऱ्याला वाटतं, चौघी मिळून कशाला तरी नाही नाही म्हणतायत.

मुंड्यांची तपासणी भर दुपारी घरात, खिडक्यांना गोधड्या लावून चालते. त्या अंधारात सुमनवहिनी तांदूळ निवडत बसतात. “खडा कोणता, तांदूळ कोणता, समदं हिरवंच दिसून राहिलं,” म्हणत उठतात आणि एक पाय ओढत अंगणात जाऊन बसतात. तो पाय जन्मापासूनच तसा असेल असं मी धरून चाललो होतो. शेजारधर्मात असं काही विचारत नाहीत.

दुष्काळाने किशनभाऊंच्या काळजीला खतपाणी घातलं. खत जास्त, पाणी नाहीच. लग्नं साधी झाली, वराती बंद पडल्या. त्यात एका लग्नात त्यांनी धुराचं मशीन लावलं. नवरदेव स्टेजवर चढताना पायाशी धूर सुटला. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला वाटलं, मांडव पेटला. त्याने शेजारचा भरलेला हंडा उचलला आणि मशीनवर रिकामा केला. आग लागली नव्हती याचा आनंद कोणालाच झाला नाही. हंडाभर पाणी गेलं म्हणून अख्खा मांडव किशनभाऊंच्या अंगावर धावला. तेव्हापासून ते धूर काढण्याआधी माईकवरून सांगतात, “आता धूर येणार हाय. कुणी पाणी टाकू नये.”

त्यांची आणखी एक खोड होती. कार्यक्रम कुठलाही असो, सगळ्यात आधी ते स्टेजच्या मागे जायचे. जिथे भांडी घासली जातात तिथे बांबू रोवून एक हॅलोजन लावायचे, मग पुढच्या कामाला हात. एकदा मी म्हटलं, “किशनभाऊ, मागे कोण बघतंय?” ते एवढंच म्हणाले, “मागं अंधार नगं,” आणि वायर गुंडाळायला लागले. मी हीही एक काळजी म्हणून त्यांच्या खात्यावर मांडली.

त्या उन्हाळ्यात आमच्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली. संध्याकाळचा कार्यक्रम, नांदेडहून मोठे पाहुणे. अध्यक्षांना स्वस्तात लाईटिंग हवं होतं. मी किशनभाऊंचं नाव सुचवलं आणि त्याच दिवसापासून मलाही झोप लागेना. काही बिघडलं तर बोलणी माझ्या वाट्याला येणार होती. किशनभाऊंना मात्र एकच गोष्ट हवी होती. ‘यांनी प्रोफेशनल काम केले’ असं पत्र.

“लेटरहेडवर सर, शिक्क्यासकट. नांदेड-लातूरचे हॉलवाले माझ्या मुंड्या बघून हसतेत. पत्र दाखवलं तं आत तं घेतील.”

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी प्रत्येक पिन इतक्या वेळा दाबून बघितली की मीच म्हटलं, आता पिनांवर लोड येईल. ते हसले नाहीत. पाच वाजता लाईट गेली. साऊंड आणि लाईटिंग सगळं एका छोट्या जनरेटरवर आलं. सकाळी येणारा टँकर तोवर आलाच नव्हता, त्यामुळे खिचडीच्या खरकट्या डेगी तशाच पडून होत्या. तो आला बरोबर सात वाजता, पाहुण्यांची गाडी गेटातून आत शिरताना. टँकर थांबणार घटकाभर. भांडी घासणाऱ्या चार बायका डेगी ओढत मैदानाच्या मागे धावल्या.

पुढे चार मुंड्या फिरत होत्या, धुराचं मशीन तापत होतं, मागे हॅलोजन जळत होता. जनरेटर घरघरला. माईक बसला. अध्यक्ष घाम पुसत किशनभाऊंजवळ आले.

“तो मागचा हॅलोजन काढ. पाहुणे स्टेजवर चढेपर्यंत.”

आता किशनभाऊ कोणालाही ‘हाव साहेब’ म्हणणारे. मांडवातल्या आचाऱ्यालाही साहेब म्हणतात. माझा जीव अर्धा झाला होता, मीही म्हटलं, “काढा हो, पाच मिनिटांचा प्रश्न आहे.”

“न्हाई,” किशनभाऊ म्हणाले.

 त्यांनी धुराच्या मशीनची पिन उपटली, मग एकेक करून चारही मुंड्यांची. माईक सुरू झाला. स्टेजवर न फिरणारे दोनच लाईट उरले आणि त्यातला एक हिरवा होता. पाहुणे भाषणभर हिरवे दिसले.

“याला प्रोफेशनल म्हणतात का?” अध्यक्षांनी मला सगळ्यांसमोर विचारलं. पत्राचा विषय तिथेच संपला.

मी संतापून मागे गेलो. चांगलं सुनावायचं ठरवून गेलो होतो. हॅलोजनच्या पांढऱ्या उजेडात चौघीजणी डेगी घासत होत्या. शेजारी चुलीवरून नुकतंच उतरवलेलं उकळतं पाणी होतं, त्याला वळसा घालून त्या ये-जा करत होत्या. किशनभाऊ स्टेजकडे पाठ करून त्या पाण्याजवळ उभे होते.  मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी साध्या कागदावर पत्र लिहिलं. शिक्का माझ्या हातात नव्हता, सही होती. ‘श्री. किशन सोनकांबळे यांनी आमच्या कार्यक्रमात प्रोफेशनल काम केले. स्टेजच्या मागेही उजेड होता.’ दुपारी ते घेऊन शेजारी गेलो. किशनभाऊंनी दोनदा वाचलं. मग दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं.

“हे काढा सर.”

“का?”

 ते खाली बघत बोलायला लागले. “लगीन होऊन सहा महिने झालते. मी मांडववाल्याकडं नवा वायरमन, अन् ही त्याच मांडवात भांड्याला. फोटोवाला म्हणला, पुढं उजेड कमी पडून राहिला. मागं एक बल्ब व्हता. म्या काढला अन् पुढं लावला. मागं उकळत्या वरणाची डेग उतरवून ठेवलेली. हिला दिसली न्हाई.” त्यांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. “मागं उजेड लावतो ह्याच्यात माझं काय मोठेपण हाय सर? काढा ते.”

मी खिशातला पेन काढला. चहा घेऊन वहिनी पाय ओढत बाहेर आल्या होत्या. कप माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, “काढू नका, सर. ऱ्हाऊ द्या तेवढं.”

त्या आत स्वयंपाकघरात गेल्या. मी पेन परत खिशात ठेवला. किशनभाऊंनी पत्राची घडी घातली, उठले, आणि चांगलं ऊन असताना स्वयंपाकघरातला बल्ब लावून आले.