बायकोच्या ब्यूइकचा लिलाव

तोंडात सॉसेजचा भला मोठा घास होता, म्हणून ऑरिन स्टेबिन्सला वेळेवर ओरडता आलं नाही. कॅन्टीनच्या काचेतून त्याला दिसलं, की लिलावाच्या रांगेतून त्याच्या बायकोची रुपेरी ब्यूइक गाडी डौलात पुढे सरकते आहे.

ओहायोतल्या त्या लिलावात परवाना असलेले डीलरच जुन्या गाड्या घेत नि विकत. ऑरिननं आदल्या दिवशी एक ब्यूइक विक्रीला आणून ठेवली होती, तीही रुपेरीच. आज सकाळी त्याचा ट्रक सुरू होईना, म्हणून तो बायकोची, म्हणजे व्हर्नाची, गाडी घेऊन आला. नेमकी त्या विक्रीच्या ब्यूइकशेजारीच लावली, किल्ली आतच ठेवली आणि खायला गेला. आवारातल्या ड्रायव्हरनं हाताला लागली ती ब्यूइक रांगेत घातली.

ऑरिन धावला. लिलाववाल्याच्या डोक्यावर हिरवा दिवा लागला होता. हिरवा दिवा म्हणजे गाडीची हमी विकणाऱ्याची.

"काय ऑरिन, भाव कबूल?" लिलाववाल्यानं लांबूनच विचारलं.

ऑरिननं जिवाच्या आकांतानं दोन्ही हात हलवले.

"कबूल म्हणतोय! दिली!" हातोडा पडला.

तक्रारींचा निवाडा प्रूइटबाई करत. ऑरिन धापा टाकत त्यांच्यापुढे उभा राहिला.

"बाई, ती गाडी माझी नव्हतीच!"

"म्हणजे दुसऱ्याची विकलीस? परवाना जाईल, बाबा."

ऑरिनला दरदरून घाम फुटला. परवान्यावरच त्याचं पोट होतं. "माझ्या बायकोची आहे हो!"

"मग तिनं तरी विक्रीच्या कागदावर सही द्यावी, नाहीतर घेणाऱ्यानं आपणहून सोडावी. थांब, तिलाच बोलावते." त्यांनी फोन उचललासुद्धा. व्हर्ना समोरच्याच शाळेत स्वयंपाकाला होती.

गाडी घेणारा डच व्हॅनमीटर खुर्चीत रेलून बोटाभोवती किल्ली फिरवत होता. "सोडू? खुळा की काय! इतकी जपलेली गाडी!"

व्हर्ना यायच्या आत हे मिटायला हवं होतं. एकच वाट उरली होती. हमीच्या गाडीत न सांगितलेला दोष निघाला, तर घेणाऱ्याला ती परत करता येते.

"डच, ती गिअर बदलताना गचके देते."

"देईना. वय झालंय तिचं."

"तेल गळतं!"

"माझ्या गुडघ्यातलंही संपलंय."

"अरे, पुरात बुडालेली आहे ती!" ऑरिन किंचाळला. "सीटपर्यंत पाणी होतं! कुबट वास अजून जात नाही. स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, वाळवली आणि बायकोला वाढदिवसाला दिली!"

डचनं किल्ली टेबलावर ठेवली. "पूर लपवणं कायद्यात बसत नाही. आपणहून सांगितलंस म्हणून नुसता व्यवहार रद्द," प्रूइटबाई म्हणाल्या.

ऑरिननं सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्याच्या लक्षात आलं, की दोघंही त्याच्या खांद्यामागे बघताहेत.

दारात एप्रन घातलेली व्हर्ना उभी होती.

"वास पुराचा होता?" ती हळूच म्हणाली. "तू तर कुत्रीचा म्हणालास. म्हणून मी माझ्या मॉप्सीला बहिणीकडे देऊन टाकलं, ऑरिन. रडत रडत."

डच बुटांची टोकं न्याहाळू लागला.

"बाई, बाहेर दुसरी ब्यूइक आहे, ती बरी आहे का?" व्हर्नानं विचारलं.

"ऑरिननं हमी दिलीय तिची."

"याच्या हमीचं राहू द्या. ती खोटी निघाली तर परवाना जातो ना?"

"जातो."

"मग चालेल."

"व्हर्ना, इथं परवान्याशिवाय गाडी घेता येत नाही!" ऑरिन काकुळतीला आला.

"घेतंय कोण? मी नुसती नेतेय."

ऑरिननं आशेनं प्रूइटबाईंकडे पाहिलं.

"बायकांबद्दल कायद्यात काही नाही," असं म्हणत बाईंनी व्हर्नाच्या हातावर दुसऱ्या ब्यूइकची किल्ली ठेवली.

व्हर्ना दारातून वळली. "जेवायला माझी वाट बघू नकोस. बहिणीचं घर लांब आहे. आणि उद्यापासून गाडीत पुढच्या सीटवर मॉप्सी बसेल."